लेग डेलाच मळमळतं, सायकलवर का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, इंदूरच्या विजयनगरला दिवसभर संगणकासमोरची नोकरी, वजन ८६ किलो, जिम लावून दोन महिने झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहाला व्यायाम. सोमवार-शुक्रवार निभतात, पण बुधवारी, म्हणजे लेग डेला (पायांच्या व्यायामाच्या दिवशी), शेवटचा सेट संपून पाचेक मिनिटं झाली की मळमळायला लागतं. अंगाला थंड घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, वीसेक मिनिटं बाकावर डोकं धरून बसावं लागतं. एकदा उलटीही झाली. ट्रेनर म्हणतो, ‘उल्टी हुई मतलब मेहनत हुई, भिया.’ आईचं म्हणणं, उपाशीपोटी जातोस म्हणून होतं. तुम्ही विचारताय की खाऊन जाऊ की न खाता, आणि निघण्याआधी पित्ताची किंवा उलटीची गोळी घेतली तर चालेल का.

शेवटी तुम्ही जाता जाता एक वाक्य टाकलंय, आणि मला तेच सगळ्यात कामाचं वाटलं. रविवारी मित्रांबरोबर खंडवा रोडने सिमरोलपर्यंत सायकल चालवता, तेही काही न खाता, दोन-अडीच तास, आणि तेव्हा काहीच होत नाही. पोहे-जलेबी परत आल्यावर. मग उपाशी पोटाला एकट्याला दोष कसा द्यायचा? पोट रविवारीही रिकामंच असतं. तेव्हा खरा प्रश्न खाण्याचा नाही. बुधवारी असं काय घडतं जे रविवारी घडत नाही, ते शोधायचं आहे.

मी इंदुरातच फिजिओथेरपिस्ट आहे. जिमला जाणारे, पळणारे, आखाड्यातली काही मुलं, असे सगळे येतात. मळमळीची तक्रार घेऊन कोणी आलं की ‘काय खाल्लं होतं’ हे मी नंतर विचारते. आधी विचारते, नेमकी केव्हा सुरू झाली? व्यायाम चालू असताना, थांबल्या थांबल्या, की घरी जाऊन आंघोळ झाल्यावर? या एका उत्तराने निम्मी कारणं तिथेच गळून पडतात. तुमचं उत्तर स्पष्ट आहे: थांबल्यावर, पाच मिनिटांत. त्यामुळे त्यावरच जास्त लिहिते, बाकीचं ओघाने येईल.

आपण स्वस्थ बसलेले असतो तेव्हा हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाव हिस्सा पोट, आतडी आणि यकृताकडे जातो. कसून व्यायाम सुरू झाला की हा वाटा स्नायू खेचून घेतात. अगदी शर्थीच्या व्यायामात ऐंशी टक्क्यांच्या आसपास रक्त स्नायूंकडे वळतं आणि पोटाकडचा पुरवठा नेहमीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत उतरू शकतो. जठर आपलं काम जवळपास बंद ठेवतं. आत जे असेल ते तिथेच पडून राहतं. व्यायाम चालू असताना मळमळतं ते बहुधा यामुळे. यात आजार काही नाही, शरीराने केलेली तात्पुरती वाटणी आहे.

थांबल्यावरचा प्रकार वेगळा. लेग प्रेस (मशीनवर पायांनी वजन ढकलणं), स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं) या सगळ्यांत शरीरातले सर्वांत मोठे स्नायू कामाला लागतात. मांड्या-पोटऱ्यांतल्या रक्तवाहिन्या पूर्ण उघडतात. तिथलं रक्त वर हृदयाकडे परत ढकलायला हृदयाचा जोर पुरत नाही. चालताना, पायडल मारताना पोटऱ्या आवळतात-सुटतात आणि पंपासारखं रक्त वर चढवतात. तुम्ही शेवटचा लंज संपवून धपकन बाकावर बसता तेव्हा पंप बंद, पण नळ उघडेच. रक्त पायांत साचतं, रक्तदाब घसरतो, मेंदूला कमी पडायला लागतं. मग मळमळ, थंड घाम, चेहरा पांढराफटक, कधी जांभया. घेरी येण्याच्या अलीकडची ही पायरी. तुम्ही वर्णन केलंय ते जवळजवळ शब्दशः हेच आहे.

आता रविवार आठवा. सिमरोलहून परतताना शेवटचा तुकडा कसा असतो? भंवरकुआँच्या गर्दीत, सिग्नलला थांबत, रमतगमत. तुम्ही मुद्दाम काही करत नाही, पण इंदूरचं ट्रॅफिक तुमच्याकडून दहा-पंधरा मिनिटांचा कूल-डाउन करून घेतं. शिवाय सायकलवर जोर एकसारखा असतो, श्वास चालू असतो, गप्पाही मारता येतात.

बुधवारी याउलट. लेग प्रेसवर वजन ढकलताना बहुतेक नवीन मंडळी श्वास कोंडून धरतात. गुडघे पोटावर दाबले जातात, कोंडलेल्या श्वासाने रक्तदाब त्या क्षणी भलताच चढतो आणि श्वास सोडल्यावर तेवढ्याच झपाट्याने उतरतो. अशा दहा-बारा रेप्स (वजन एकदा ढकलून परत आणणं म्हणजे एक रेप), असे चार सेट, मग लगेच लंजेस. मोठे स्नायू एवढे पिळले की रक्तात आम्लता वाढते. ती कमी करायला श्वास धापा टाकत चालतो, आणि ही आम्लताही मळमळीत भर घालते. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साठून राहतं म्हणून दोन दिवस पाय दुखतात’ असं जिममध्ये ऐकलं असेल, तर ते तेवढं मनावर घेऊ नका. लॅक्टेट तासाभरात निवळतं. दोन दिवसांनी दुखतात ते स्नायूंच्या बारीक इजेमुळे.

बुधवारची आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिलीत: ‘लेग डेलाच प्री-वर्कआउटचा एक स्कूप घेतो, वर काळी कॉफी.’ प्री-वर्कआउट म्हणजे व्यायामाआधी घ्यायची तरतरीची पावडर; तिच्या डब्यामागचं लेबल वाचा. अशा पावडरींच्या एका स्कूपमध्ये दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम कॅफिन असणं अगदी नेहमीचं आहे. कपभर कडक कॉफीत आणखी शंभरेक. निरोगी मोठ्या माणसासाठी अख्ख्या दिवसाची मर्यादा चारशेच्या आसपास मानतात, आणि तुम्ही ती सकाळी सहाच्या आत, उपाशी पोटात, जवळजवळ गाठता. कॅफिनने जठरातलं आम्ल वाढतं, धडधड वाढते, काहींना नुसत्या त्यानेच ढवळतं. सोमवारी-शुक्रवारी स्कूप नसतो, रविवारी नसतो. आईने धरलेला संशयित रिकामं पोट असेल, माझा हा डबा आहे. पण एकटा डबा नव्हे. डबा आणि धपकन बसणं, दोन्ही मिळून.

तर आधी हे करा. येत्या बुधवारी स्कूप बंद. कॉफी हवीच असेल तर अर्धा कप. शेवटचा सेट झाला की बसायचं नाही. ट्रेडमिलवर किंवा हॉलमध्येच आठ-दहा मिनिटं सावकाश चालायचं, श्वास नाकाने येण्याइतका खाली येईपर्यंत. सेटच्या मध्येही बाकावर मोबाइल घेऊन बसू नका, उभे राहा, दोन पावलं टाका. जुन्या आखाड्यांत कुस्ती सुटली की उस्ताद पठ्ठ्याला बसू देत नसत, मातीतच फेऱ्या मारायला लावत. कारण सांगत नसत, पण कारण हेच होतं. वजन ढकलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. लेग प्रेसच्या दोन सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटं पूर्ण द्या. ट्रेनरने घाई केली तरी द्या.

आणि शेवटच्या रेपपर्यंत पिळून घेऊ नका. दोन महिन्यांच्या माणसाने प्रत्येक सेटमध्ये दोन रेप्स शिल्लक ठेवूनच थांबावं. ताकद तेवढ्यावर नीट वाढते. उलटी हे मेहनतीचं माप असतं तर शिळी कचोरी खाऊन सोफ्यावर बसलेला माणूसही पहिलवान झाला असता. ट्रेनर मंडळींवर माझा राग नाही, बरेच जण जीव तोडून शिकवतात. पण हे एक वाक्य इंदूरच्या निम्म्या जिममधून हद्दपार व्हायला हवं. मेहनत मोजायची तर वही ठेवा. मागच्या महिन्यात लेग प्रेसवर किती किलो होते, या महिन्यात किती, एवढं पुरे.

तरीही मळमळ सुरू झालीच, तर बाकावर वाकून डोकं धरून बसून राहू नका. एक तर चाला, किंवा चालवत नसेल तर सरळ पाठीवर आडवे व्हा आणि पाय बाकावर ठेवा. पायांतलं रक्त आपोआप परत येतं आणि बहुतेकांना पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं. उलटी येईल असं वाटलं तर कुशीवर वळा. मानेवर ओला टॉवेल, पंख्याखाली. पाणी घोट-घोट. अख्खी बाटली एका दमात ओतली की ती तशीच बाहेर येते, कारण जठर अजून कामावर परतलेलं नसतं.

आता खाण्याचं, कारण तुम्ही तेच विचारलं होतं. इथे मात्र ‘अमुकच करा’ असं सांगता येत नाही. माणसागणिक फरक पडतो. तासाभराच्या आतला व्यायाम निरोगी माणूस उपाशीपोटी करू शकतो, साखर अगदी धोक्याइतकी उतरत नाही. पण काहींना काहीतरी पोटात असल्याशिवाय जोराचा व्यायाम झेपत नाही. तुम्ही पहिले दोन बुधवार खाण्यात काहीही बदलू नका. स्कूप बंद आणि चालणं, एवढ्यानेच थांबलं तर प्रश्न मिटला. नाही थांबलं तर तिसऱ्या बुधवारी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास एक केळं किंवा दोन-तीन खजूर. सगळं एकदम बदललंत तर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही, आणि मग जन्मभर केळं, खजूर, जिरं-पाणी असं सगळं लटांबर घेऊन जिमला जाल.

दूध टाळा. पोहे चालतात, पण मधे दीड-दोन तास हवेत आणि वर शेव नको, म्हणजे सकाळी सहाच्या व्यायामाला ते जमण्यासारखं नाहीच. तेल-तूप जठरात सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतं; भरपेट तळलेलं जेवण उतरायला चार तास किंवा जास्तही लागतात. संध्याकाळी जिमला जाणाऱ्यांची गोची इथेच होते. पाचला ऑफिसखाली कचोरी, साडेसहाला स्क्वॉट, आणि मग मला विचारतात की मॅडम पोटात गोळा का येतो. तुमची वेळ सकाळची, त्यामुळे हा त्रास कमी. पण मंगळवारी रात्री साडेअकराला सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) गराडू (तळलेला कंद) आणि रबडी झाली असेल तर सकाळी आंबट ढेकर आणि अर्धवट झोप, दोन्ही घेऊनच तुम्ही लेग प्रेसवर आडवे होता. सराफा शनिवारी ठेवा. आणि व्यायाम झाल्यावर ‘एनर्जी’ म्हणून आपली इंदुरी शिकंजी पिऊ नका. आटवलेलं दूध आणि सुकामेवा त्या वेळी पोटाला नको असतो. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा नुसतं पाणी उत्तम. व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर) घेत असाल तर अर्ध्या तासाने, आणि त्याने पोट फुगत असेल तर दुधातली साखर पचत नसेल. आयसोलेट प्रकारात ती बरीच कमी असते.

तुमची जिम तळघरात आहे आणि एसी नाही, असं लिहिलंत. हे हिवाळ्यात फारसं जाणवणार नाही, पण मार्चनंतर जाणवेल. उकाड्यात कातडीलाही थंड राहायला रक्त लागतं, म्हणजे वाटेकरी आणखी एक वाढतो. उन्हाळ्याची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस वजन आणि वेग दोन्ही कमी ठेवा. पाणी किती प्यावं याचा सोपा हिशेब: व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं तर साधारण लिटरभर घाम गेला. ८६ किलोच्या माणसाचं पावणेदोन किलो उतरलं म्हणजे दोन टक्के; तिथून पुढे डोकं दुखणं, मळमळ सुरू होते. उलट नंतर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पिताय. तेही बरं नाही. रक्तातलं सोडियम पातळ होऊन मळमळ आणि डोकेदुखी येते. जिमच्या तासाभरात असं सहसा होत नाही, मॅरेथॉनवाल्यांमध्ये होतं.

तुमच्यासारखीच तक्रार घेऊन हे वाचणारे बाकीचेही असतील, त्यांच्यासाठी थोडं. पोटाचे क्रंचेस करताना किंवा वाकल्यावर घशाशी येत असेल तर ते पित्त वर येण्याचं. तो व्यायाम जेवणानंतर तीन तासांनी करा. बाकावर आडवं होताना, मान वळवताना खोली गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते, तो कानाच्या आतला दोष असतो, फिजिओ किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर तो बघून देतात. अंगदुखीसाठी जिमला जाण्याआधी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेणारे बरेच आहेत. पोटाला आणि घामाघूम अवस्थेत मूत्रपिंडांना ते जड जातं, बंद करा. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, त्यांची साखर खरोखर उतरते. वजन कमी करायची आठवड्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांचं जठर मुळातच सावकाश रिकामं होतं, त्यांनी व्यायाम आणि जेवण यांत अंतर वाढवावं. बायकांनी पाळी चुकली असेल तर आधी ती शंका मिटवावी.

तुमच्याकडे परत येते. वडिलांची अँजिओप्लास्टी बावन्नाव्या वर्षी झाली, असं तुम्ही कंसात लिहिलंय. ते कंसात ठेवण्यासारखं नाही. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर तो घराण्यातला धोका धरतात. तुमची मळमळ हृदयाची आहे असं मला वाटत नाही. तसं असतं तर दोन-अडीच तासांच्या सायकलिंगने कधीतरी खूण दाखवली असती. पण मी तुमचा ईसीजी पाहिलेला नाही, बीपी मोजलेलं नाही. एकदा फिजिशियनकडे जाऊन बीपी, ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन करून घ्या. तोवर जिम बंद करायची गरज नाही, फक्त लेग डेचा जोर उतरवा. मात्र मळमळीबरोबर छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात भरून येणं, न बसणारा दम, किंवा चालू व्यायामात शुद्ध हरपणं, यातलं काही एकदा जरी झालं तर घरी जाऊन झोपायचं नाही, थेट हॉस्पिटल. उकाड्यात व्यायाम करताना माणूस बरळायला लागला, चाल अडखळली तर तो उष्माघात. आधी अंगावर गार पाणी ओतायला घ्या आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी अँब्युलन्स बोलवायला सांगा. आणि जबर लेग डेनंतर एक-दोन दिवसांत मांड्या टणक सुजल्या आणि लघवी कोलासारखी काळपट झाली तर स्नायू तुटून त्याचा भार मूत्रपिंडांवर आलेला असतो, तेव्हाही त्याच दिवशी डॉक्टर.

गोळ्यांचं राहिलं. पँटोप्राझोल आम्ल कमी करते. पायांत साचलेलं रक्त वर आणत नाही, त्यामुळे तुमच्या प्रकारात ती घेऊन फार तर मनाला बरं वाटेल. उलटीची ऑन्डॅनसेट्रॉन किंवा डोमपेरिडोन व्यायामाआधी घेऊ नका. एक तर त्यांनी हृदयाच्या ठोक्यांच्या तालावर काहींना परिणाम होतो, आणि घराण्यात हृदयविकार असताना तो प्रयोग नको. दुसरं, मळमळ ही तुम्हाला थांबायची सूचना आहे. ती गोळीने दाबून पुढचा सेट मारलात तर पुढची सूचना थेट जमिनीवर पडून मिळेल.

तीन बुधवार वर सांगितल्याप्रमाणे करून बघा आणि वहीत चारच गोष्टी लिहा: रात्री किती वाजता काय जेवलात, सकाळी काय घेतलंत, व्यायाम थांबल्यावर किती मिनिटांनी मळमळ आली, किती वेळ टिकली. चौथ्या बुधवारीही तसंच झालं तर ती वही घेऊन फिजिशियनकडे जा. ईसीजीसाठी तर त्याआधीच जायचंय.